भाड्याच्या डब्यातलं लग्न

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे खाली वाकता येत नाही, म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पुरता आडवा.) तुमचा खांदा आता कसा आहे? गरम पाण्याच्या पिशवीने शेकता की नाही? शेकत नसाल तर निदान पत्रात 'शेकते' असं लिहा, म्हणजे मला बरं वाटेल. तुमच्या यजमानांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक वाढावं म्हणून रोज देवाजवळ मागते. (लोकांची नजर अधू व्हावी असं मागत नाही हं. ज्यांची आधीच झाली आहे त्यांनी तुमच्याच दुकानात यावं, एवढंच.) आम्ही इकडे खुशाल आहोत. आई जेवतात-खातात, झोपही बरी आहे, पण विसरणं वाढलं आहे. मागच्या खेपेला तुम्हाला बँकेतल्या बाई समजून 'पासबुक नंतर देते' म्हणाल्या, ते तुम्ही मनाला लावून घेतलंत. दारात चपला घालताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, तेव्हाच मला कळलं.

पत्र लिहायला कारण, केबलचा डबा. टीव्हीवरचं ठेवून घेणारा डबा भाड्याने घ्यावा की विकत, याबद्दल तुमचं मत हवं आहे. (तूर्त कारण हेच आहे असं धरून चाला. तुमचे भाऊ समोरच पेपर वाचत बसले आहेत आणि मध्येमध्ये 'काय लिहितेस' विचारत आहेत.)

तर हा डबा आमच्याकडे आला तो प्रवचनासाठी. संध्याकाळी महाराज येतात ते नेमके माझा हात पिठात असताना. ते वैराग्य सांगतात आणि मी मीठ शोधते, त्यामुळे ना वैराग्य पुरतं कानावर पडतं, ना मिठाचा अंदाज येतो. केबलवाला म्हणाला, काकू, एक डबा मिळतो, एकदा वेळ लावून दिली की रोज त्या वेळचा कार्यक्रम आपसूक पोटात ठेवून घेतो, मग सवडीने बघा. घ्यायचे दोन रस्ते, एकदम पैसे मोजून आपला करायचा, नाहीतर महिन्याच्या भाड्याने ठेवायचा. झालं, घरात दोन पक्ष पडले. तुमचे भाऊ म्हणाले, विकत घे, भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. वन्सं, विकत घेण्याची यांची हौस तुम्हाला ठाऊक आहे. माळ्यावर पाय दाबायचं यंत्र आहे, ते चालू केलं की आपल्यालाच त्याचे पाय दाबावेत असं वाटतं इतकं कण्हतं. रस काढायचं यंत्र आहे, त्यातून रस भिंतीवर जातो. मी म्हटलं, यंत्र आणि दूध, दोन्ही कधी नासतील सांगता येत नाही. नासलं तर नेणारा माणूस पाहिजे. ज्याची वस्तू त्याची डोकेदुखी. शेवटी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि यांना एक उचलायला सांगितली. भाड्याची आली. (यांनी नंतर दुसरीही उघडून पाहिली. तीही भाड्याचीच होती. पण देवाला माझं मत माहीतच असताना त्याला उगाच घोळात कशाला पाडायचं?)

भाडं मी हिशेबात 'देवधर्म' या सदरात घातलं, त्यामुळे ते देताना जीवही दुखला नाही. महाराजांचं प्रवचन मी दुपारी भांडी आवरून ऐकायला लागले. सगळं सुरळीत होतं. आईंना मात्र महाराजांत गोडी नाही. (माझ्याकडून ऐकलं असं म्हणू नका.) त्यांची संध्याकाळची एक मालिका होती, नणंदा-भावजयांची, त्यात सगळ्या बायका झोपतानाही दागिने घालून झोपायच्या. तिच्यात लग्न लागायचं होतं त्याच दिवशी मला आईंना घेऊन डॉक्टरांकडे जावं लागलं. तेव्हा यांनी मोठ्या मनाने रिमोट हाती घेतला आणि ते लग्न डब्यात ठेवलं. आईंसाठी केलं असं सांगतात, पण नवरा मुलगा लग्नाला उभा राहतो की पळतो याची यांनाच जास्त काळजी होती.

आता यात झालं काय, तर डबा एका वेळी एकच गोष्ट ठेवतो, आणि मी महाराजांची वेळ त्याला कायमची लावून दिलेली. लग्न लागलं, हार-तुरे झाले, नवरी उठली, आपल्या आईला नमस्कार करायला निघाली, आईसमोर आली, वाकणार, तोच महाराजांची वेळ झाली. डबा माझ्या आज्ञेतला, त्याने लग्न तिथेच सोडलं आणि महाराज लावले. आणि महाराजांचं पहिलंच वाक्य काय, तर 'कोण कोणाची मुलगी आणि कोण कोणाची आई'. वन्सं, सांगतात ते खरंच आहे. पण वेळ म्हणून काही असते की नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईंना ते लावून दिलं. त्या लोडाला टेकून पेंगत होत्या, त्या सरळ बसल्या. चष्मा पुसला, परत घातला. मग मला म्हणाल्या, "अगं, ही तर आपली ठकी."

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. ती नटी तुमच्यासारखी वेणी पुढे घेते खरी, आणि हसताना मान थोडी कलती करते. बाकी काही साम्य नाही. (ती तुमच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे, राग मानू नका.) पण आईंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे तुम्हाला मी सांगावं का?

तेव्हापासून आमच्या घरी रोज दुपारी तुमचं लग्न असतं. त्या ते विसरतात, म्हणून रोज नवं. आधी चांगली साडी काढून मागतात. मग लोकांचं जेवणखाण झालं का विचारतात, मी झालं म्हणते. तुमच्या भावाला पहिल्या दिवशी ऐकून घ्यावं लागलं, "नवरीचा भाऊ बनियनवर?" त्यामुळे हल्ली हे रोज जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात. एकदा शर्ट धुवायला टाकला होता, तर स्वतःच्याच बहिणीच्या लग्नात स्वयंपाकघरात लपून उभे होते. वरमाईचा तोरा आईंना मुळीच पसंत नाही. नवरा मुलगा मात्र पसंत आहे. तो चष्मा लावतो. 'मुलगा साधा आहे, चष्मा आहे म्हणजे वाचणारा असेल,' असं त्या मला हळूच, वरपक्षाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगतात.

आणि मग तुम्ही नमस्काराला येता. आईंचा हात डोक्यावर ठेवायला वर उठतो आणि महाराज येतात. हात तसाच राहतो. 'ठकी आली होती ना गं? कुठे गेली?' असं विचारतात. मी म्हणते, साडी बदलायला आत गेली, येईलच. त्या थांबतात. चहा होईपर्यंत थांबतात, मग चहाबरोबर सगळंच विसरतात. वन्सं, नोंदणी कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही ज्या तुमच्या लग्नाला आल्या नाहीत, ज्यांच्यामुळे त्यानंतर तुम्ही एकट्याच यायचात आणि बाहेरच्या खोलीतच बसायचात, त्याच या आई. हे तुम्हाला आजवर लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की पुढच्या ओळीवर पाणी पडायचं आणि कागद वाया जायचा. भाडं मी 'देवधर्मा'तून काढून 'औषधपाण्या'त घातलं आहे.

आता मुद्दा. केबल कंपनी सगळे जुने डबे परत मागते आहे. ज्यांनी विकत घेतला त्यांचा त्यांच्याकडेच राहणार. भाड्याचा असेल त्याने मुकाट्याने द्यायचा आणि नवा घ्यायचा. आत जे ठेवलं असेल ते डब्याबरोबर जाणार. पीठ ओततो तसं या डब्यातलं त्या डब्यात ओतता येत नाही, मी विचारलं. मालिका दुसरीकडे कुठे मिळते का तेही यांनी शोधलं, नाही मिळत. फोनवर टीव्हीचं चित्र घेऊन पाहिलं, तर त्यात माझ्या कुकरच्या शिट्ट्या आणि यांचा खोकला, आणि आई म्हणाल्या, ही बाहुली कोणाची? म्हणजे तेव्हाच विकत घेतला असता तर लग्न घरात राहिलं असतं. तुमचे भाऊ 'मी म्हणत नव्हतो?' असं एकदाही म्हणाले नाहीत. पण दिवसभर घरभर न म्हणता फिरत होते. ते जास्त लागलं.

केबलवाला डबा न्यायला आला तेव्हा मी तो विकत मागितला. तो म्हणाला, काकू, हा भंगारात जाणार, नवा घ्या. मी म्हटलं, मला भंगारच हवं. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय न हलणारी मी, आपण होऊन किंमत चढवत गेले आणि तो नको नको म्हणत उतरवत गेला. रस्त्यावरून जाणारे बघायला लागले. पण डब्यावर नंबर असतो म्हणे, कचेरीत एकेक मोजून घेतात, एक कमी पडला तर याच्या पगारावर येतं. पुढच्या वेळी आला तर मी म्हटलं डबा तापलाय, निवू दे. त्याच्या पुढच्या वेळी आला तो नेमका लग्नाच्या वेळी. आईंनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "व्याही, तुम्ही उभे का? बसा की." तो बिचारा खांद्यावरच्या वायरी खाली ठेवून बसला. शेवटपर्यंत बसला. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारतो, काकू, पुढे करते का ती नमस्कार? मी म्हटलं, पुढे प्रवचन लागतं. महिनाअखेरपर्यंत कचेरीत 'काकूंच्या दाराला कुलूप होतं' असं सांगतो, म्हणाला. त्यापुढे त्याला जमणार नाही, आणि त्याच्या पोटावर पाय आणून लग्न लावणं मलाही पटत नाही.

तर भाड्याचा बरा की विकतचा, सवडीने कळवा. यजमानांना नमस्कार सांगा. खांदा शेकत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. : हे आंघोळीला गेले आहेत, तेव्हा खरं काय ते लिहिते. तुमचं मत नको, तुम्हीच हव्या आहात. महिना संपायच्या आत एका दुपारी या, दोघं या. बाहेरच्या खोलीत बसायचं नाही, मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचं. मी लग्न लावून देईन. तिकडे नवरी वाकायला आली की इकडे मी बटण दाबून टीव्ही बंद करीन, महाराजांना तोंडच उघडू द्यायचं नाही, आणि तुम्ही आतून येऊन वाकायचं. साडी घरातलीच नेसा, नवी घेऊ नका. वेणी तेवढी पुढे घ्या. यजमानांना चष्मा काढू देऊ नका.

ता. क. दुसरा : आंघोळ लवकर उरकली आणि वरचं सगळं यांनी माझ्या मागे उभं राहून वाचलं. म्हणाले, ही म्हाताऱ्या माणसाची फसवणूक नाही का? मग म्हणाले, तिला लिही, मी दोन शर्टांना इस्त्री करून ठेवतो.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार होते, पण 'फसवणूक' हा शब्द डोक्यातून जाईना. देवापुढे बसले तर तिथेही तोच. म्हणून आज दुपारी डबा लावायच्या आधीच आईंना सांगून टाकलं, की आई, ठकी खरोखरीच भेटायला येणार आहे. त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येऊ दे. नवऱ्यालाही आण म्हणावं. तो लग्नाचं विचारायला घरी आला होता तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं."

त्यानंतर त्यांनी टीव्ही लावू दिला नाही. मला तांब्या-भांडं घासायला लावलं. पाणी मी देईन म्हटलं, तर ते चालणार नाही म्हणाल्या. उद्या त्यांना यातलं किती आठवेल मला ठाऊक नाही, वन्सं, म्हणून महिनाअखेरीची वाट पाहू नका. विसरल्याच तर मी आठवण करीन, भांडं भरून हातात देईन. पण पाणी त्याच देतील.