निम्मा बाओ

३ जुलै
मी एकोणीस वर्षांचा असताना हाजी उस्ताद मला म्हणाले होते, तवाकली, तुझ्या डोक्यात निम्माच बाओ मावतो. बाओ म्हणजे बियांचा खेळ, पाटावर बत्तीस खळगे, सोळा आपले, सोळा समोरच्याचे. मला म्हणे फक्त आपलेच दिसतात. उस्ताद गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी आता बहात्तरचा आहे आणि रोज्यांच्या ईदपासून एकही डाव हरलेलो नाही. हे बघायला ते हवे होते.

आज लेकीने, म्वानाशाने, दवाखान्यात नेलं. कारण, किटली. किटली जळून काळी झाली हे खरं आहे. पण ती मुळात जुनी होती.

नवा डॉक्टर परदेशी. त्याने विचारलं, आत्ता किती वाजले. मी म्हणालो, तीन. त्याने भिंतीकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं. भिंतीवर नऊ वाजले होते. आमच्याकडे सहाला सूर्य उगवला की घड्याळ शून्यापासून सुरू होतं, म्हणजे नऊचे तीनच. ज्याला एवढं ठाऊक नाही तो माझा मेंदू तपासणार. पुढचे चार प्रश्न चुकले ते या अपमानामुळे.

डॉक्टरचं म्हणणं, डोक्याला काम द्या. खेळा, नवं शिका, चाला, माणसांत राहा. परतताना गाडीत म्वानाशा म्हणाली, बाबा, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर घराला कुलूप लावून तुम्ही माझ्याकडे शहरात. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली ओटा नाही. बसायचं कुठे आणि खेळायचं कोणाशी?

मी म्हणालो, भर बाजारात रोज डाव जिंकतो त्या माणसाला कोंडून ठेवणार का? तिने मान खाली घालून गिअर बदलला. पटलं असणार.

४ जुलै
संकल्प. एक, दात डाव्या हाताने घासणे. दोन, रेडिओवरून चिनी भाषा. तीन, शाळेत शिकवलेल्या सगळ्या मुलांची नावं वर्गवार आठवणे. चार, संध्याकाळी उलटं चालणे, मेंदूला उत्तम असं कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते आठवेल.
बाओ चालूच राहील. त्याला संकल्प लागत नाही.

५ जुलै
डावा हात. ब्रश नाकात गेला. हा दोष हाताचा आहे, मेंदूचा नाही.
उलटं चाललो, मासळीबाजारापर्यंत. टोपल्यांवर बसलो. कोळीण म्हणाली, मास्तर, बसायचंच होतं तर सांगायचं, टोपली उपडी घातली असती. मासे वाचले. उलटं चालणं तूर्त स्थगित. रस्ते अरुंद आहेत.

११ जुलै
वुआईला पुन्हा हरवलं. वुआई माझा जुना जोडीदार, दोघांनीही उस्तादांकडेच हात बसवला. एके काळी हा माणूस बिया उचलायच्या आधीच शेवटची कुठे पडणार ते सांगायचा. आता बघवत नाही. मी बिया पेरत जातो आणि तो कॉफीच्या कपात बघत बसतो.

एक गोष्ट नोंदवायची आहे. आमचा ओटा म्हणजे आरडाओरडा. पाटाभोवती उभा असलेला प्रत्येकजण खेळणाऱ्यापेक्षा जास्त खेळतो. अरे आंधळ्या, डावीकडून. अरे, बायको घरी नेईल तुला. हल्ली मी खेळायला बसलो की सगळे गप्प. कॉफीवाला चोंगोसुद्धा, आणि त्याचा आवाज म्हणजे फेरीबोटीचा भोंगा. चांगल्या खेळापुढे माणसं आपोआप गप्प होतात, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. उस्तादांच्या बाबतीत.

१५ जुलै
चिनी भाषा थांबली. माझ्या आधी रेडिओचे सेल संपले.
मुलांची नावं: पहिल्या बॅचची सात आठवली. आठवं नाव माझंच निघालं.

१९ जुलै
आज एक कठीण कर्तव्य पार पाडलं. वुआईच्या घरी गेलो, तो नसताना. रेहेमावहिनींना म्हणालो, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, पण याला डॉक्टरकडे न्या. सोपे सोपे डाव हरतो हल्ली. नजर ठरत नाही. मी स्वतः जाऊन आलो, घाबरण्यासारखं काही नसतं.
वहिनींनी अंगावर ओढलेल्या कांगाचं टोक तोंडावर धरलं. खांदे हलत होते. बिचारी. मीही पाणी न पिता उठलो. दारापर्यंत येऊन म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून त्यांचा वेळ जातो, मास्तर. मी म्हणालो, माझं सोडा, आपण त्याला सांभाळू.

२४ जुलै
विचित्र प्रकार.
आज पेम्बा बेटावरचा एक होडीवाला ओट्यावर आला होता. वाऱ्याची वाट बघत होता, म्हणून डाव बघायला थांबला. मी जिंकत होतो. वुआईने दोन बिया इकडून तिकडे फिरवल्या आणि हात मागे घेतला. होडीवाला एकदम म्हणाला, अहो काका, हे काय? समोर यांचा भरलेला खळगा उघडा पडलाय, तुमच्या हातात मार आहे, सगळ्या बिया घेता येतील, आणि नुसतं फिरवताय? मार असला की मारावंच लागतं. आमच्या पेम्बात असं करणाऱ्याला पाटावरून उठवतात.

कोणी हसलं नाही. चोंगोने त्याच्या हातात कप दिला आणि म्हणाला, तू कॉफी पी. होडीवाला म्हणाला, मी काय खोटं बोललो? चोंगो म्हणाला, पी म्हटलं ना.
वुआई खिसा चाचपत म्हणाला, चष्मा विसरलो.

डाव मीच जिंकलो. पेम्बाचे नियम वेगळे असावेत.

२५ जुलै
पेम्बाचे नियम वेगळे नाहीत. वुआईला चष्माही नाही. कधीच नव्हता.

दुपारी ओट्यावर त्याला सरळ विचारलं. कधीपासून मुद्दाम सोडतोयस? तो म्हणाला, मास्तर, कॉफी गार होतेय. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, लेकीला विचारा. मग पाट उचलून आत ठेवला, तो, जो अंधार पडला तरी पाट हलवू द्यायचा नाही.

२६ जुलै, शुक्रवार
म्वानाशा आली. तांदळातले खडे निवडायला बसली. मी विचारलं.
ती म्हणाली, बाबा, तुम्ही हरलात की खिडक्या लावून बसायचात. आठवडा आठवडा. जेवायचा नाहीत, कोणी हाक मारली तर झोपल्याचं सोंग. मी शहरातून फोन करायचे आणि तो वाजत राहायचा. मग मी काय करायचं? वुआईकाकांना म्हटलं, थोडं सांभाळून घ्या.
मी म्हणालो, सगळ्या ओट्याला माहीत आहे?
सगळ्या ओट्याला.
चोंगोलाही?
त्याला तर आधी सांगितलं, बाबा. तोच जास्त ओरडतो.

मी माझ्या विजयांबद्दल बोलायचो तेव्हा ती अशीच मान खाली घालून ऐकायची. मी समजायचो, लेकीला अभिमान वाटतोय.
म्हणाली, आता निदान माणसांत तरी होतात ना. तिचे डोळे भरले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. सोंग करायला या घरात सगळ्यांनाच येतं.

वहिनी रडत नव्हत्या हेही आज कळलं.

२९ जुलै
ओट्यावर गेलो नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवल्या आहेत. हे नोंदवून ठेवतो.
वुआईवर राग आहेच. पण सारखा एकच विचार येतो. त्याने सोडलेले मार मला दिसले नाहीत. एकदाही. होडीवाल्याला उभ्या उभ्या दिसला.

३० जुलै
माळ्यावरून माझा पाट काढला. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. कोणी सांभाळून घेणारं नको म्हणून.
माझे सोळा खळगे नीट दिसले. समोरचे मोजायला गेलो की माझे पुसले जायचे. पुन्हा माझे मोजले की समोरचे. एका पेरणीत मधेच थांबलो. मुठीत बिया होत्या आणि कोणत्या बाजूचा मी खेळत होतो ते आठवेना. बराच वेळ मूठ तशीच धरून बसलो.
उस्तादांनी टोमणा मारला असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यांना नुसतं दिसलं होतं.

उद्या म्वानाशा गाडी घेऊन येणार. मी हो म्हटलं आहे. तिच्याकडे गेलो की जमेल तेवढा डावा हात चालवीन.
त्याआधी सकाळी ओट्यावर जाणार. वुआई असेल. तो खिसा चाचपेल, चष्म्याचं नाव काढेल, लेकीला शब्द दिलाय म्हणेल. नाहीच म्हणणार तो, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तरी पाटासमोर बसून विचारणार आहे. एकच डाव, वुआई. मार दिसला की मार. चोंगोला ओरडू दे. हरव मला.