विभाग बदलले तर

प्रिय सविता,

ताईचे आशीर्वाद. मी मजेत आहे, आईला तसंच सांग. शाळेतली मुलंही आता माझं ऐकतात.

संध्याकाळी मी गंगापूर रोडजवळच्या मैदानावर जाते. खो-खोचे शौकीन कठड्यावर बसून एकाच गोष्टीवर वाद घालतात: विद्यापीठ यंदा सामन्यांसाठी कॉलेजांचे विभाग बदलणार, मग कोण कुठे जाणार? मीही ठासून सांगते, की सुरगाण्याचं कॉलेज नाशिक शहर विभागातच आणायला हवं, डोंगरातल्या मुलींनाही चांगलं मैदान मिळायला हवं.

काल चहावाले समाधानभाऊ म्हणाले, "मॅडम, मैदानाचं राहू द्या. त्या संघात तुमचं कोण हाय?" सगळे हसले, मीही हसले. रविवार होता, दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोललं होतं. म्हणून अंधार पडेपर्यंत तिथेच बसले.

विभाग बदलले, तर पहिल्याच सामन्याला तू इथे येशील. नाही बदलले, तरी जिंकणारा संघ शेवटच्या फेरीला नाशिकलाच येतो. तेव्हा माझी बाय, जिंकून ये. गुडघा दुखत असेल तर मात्र खेळू नकोस.

नागली कापून झाली का? बाबांचा खोकला कसा आहे?

माझ्याकडे गोधडी एकच आहे, पण दोघींना पुरेल.

तुझीच,
जयवंताताई