बोका दुपारी रडतो

दि. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बोका गेल्याचं भाऊजींनी तुला सांगितलंच असेल. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून लिहितेय. कुत्र्याचं नाव बोका ठेवलं म्हणून तू मला किती हसली होतीस.

त्या दिवशी लॅबमध्ये कवळ्यांचं काम तुंबलं होतं, निघायला उशीर झाला. कुलूप काढलं तर दार उघडेना. जोर लावून ढकललं. तो आतून दाराला टेकून पडला होता. डॉक्टर म्हणाले, म्हातारा झाला होता, हृदय थांबलं. पण दिवसभर तो एकटा माझी वाट बघत होता, हे काही केल्या मनातून जात नाही. घास तोंडात फिरतो.

आणखी एक. खालच्या मजल्यावरच्या काकू काल तणतणत वर आल्या. बोका दिवसभर रडतो म्हणून त्या मला नेहमीच सुनावायच्या. काल म्हणाल्या, हल्ली तर फारच रडतोय, जिवाला घोर लागतो. बोका जाऊन आठवडा झाला, हे मी इमारतीत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, की मग आज दुपारी कोण रडत होतं.

भाच्यांना पापा. तुझी माया आहे, तीच पुरवून पुरवून वापरतेय.

तुझी,
धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून शिलाई मशीन बंद केलं आणि लिहायला बसले. अगं, पोटासाठी कामावर जावंच लागतं. तू घरी असतीस तरी त्याचं आयुष्य वाढलं नसतं. लहानपणी माझी बाहुली हरवली तरी तूच अपराध्यासारखं तोंड करून फिरायचीस. स्वभावाला औषध नाही.

काकूंचं मनावर घेऊ नकोस. वय झालं की कान वाजतात, किंवा शेजारी दुसरं कुत्रं असेल. तरी मन खातच असेल तर एक दिवस रजा टाक आणि स्वतः ऐक, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. आणि जेवत जा. हे म्हणतात, लोकांचे दात करता करता तू स्वतःचे वापरायचे विसरलीस.

आशीर्वाद पाठवतेय. उत्तराला उशीर केलास तर परत घेईन.

ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रजा टाकली. दिवसभर घरात बसले, काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप लावून कामावर निघाल्याचं दाखवलं आणि गच्चीच्या जिन्यात बसले.

दुपारी काकू गुडघे धरत वर आल्या, माझ्या उंबऱ्याशी टेकल्या आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलू लागल्या. उगी राहा, संध्याकाळी येईल हं ती, असं काहीबाही. मी खाली उतरले, तरी मला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, तो रडायला लागला की त्या नेहमीच येऊन बसायच्या. मला बोलायच्या ते मी घरी थांबावं म्हणून. त्या शेवटच्या दुपारीही त्या तिथेच होत्या. तो पलीकडून दाराला टेकला, हळूहळू गप्प झाला. झोपला समजून त्या खाली गेल्या.

ताई, मी तिथेच बसून रडले. तो एकटा नव्हता. पण त्याच्याजवळ मी नव्हते.

मग त्यांनी मला दाराला कान लावायला सांगितलं. काही ऐकू आलं नाही, असं तुला लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं कसं बोलू?

घराची दुसरी किल्ली आता काकूंकडे असते. दुपारी त्या आत जाऊन बसतात. रडणं थांबलं का, हे मी विचारलेलं नाही. काल लवकर सुटले. दार उघडलं तर काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. एक हात खाली सोडलेला, आणि बोटं हळूहळू, कुरवाळल्यासारखी हलत होती. मी हळूच दार ओढून घेतलं आणि त्या उठेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

तुझ्या मायेत माझ्याबरोबर काकूंनाही थोडी जागा ठेव.

तुझी,
धाकटी