उशीवरची पूड

अहेरी
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय कमलताई,
सप्रेम जयभीम. मी बरी आहे. तुझ्या घरी सगळे बरे आहेत हे भाऊजींकडून कळलं.

भाऊजी शनिवारी येऊन गेले. तुमच्या सिंगापूरच्या सहलीसाठीच्या तिन्ही हॉटेलांच्या पुस्तिका मिळाल्या. ते रेस्ट हाउसवर जेवत होते, मला तिथेच बोलावलं. एका हातात मटणाचं हाडूक, दुसऱ्या हाताने पानं उलटत होते. "इंजिनिअरबाई, पाहून सांगा कोनतं पक्कं आहे. आमी का, फोटोलेच भुलतो." पोहण्याच्या तलावाच्या चित्रावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. मी पुसायचा प्रयत्न केला, तो पसरला.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नदीकाठचं हॉटेल दिसायला सर्वांत भारी, पण खोल्या फार उंचावर आणि चित्रात एकच जिना दिसतो. आग लागली तर लिफ्ट बंद पडते, मग मुलांना घेऊन त्याच जिन्याने उतरावं लागेल. दुसऱ्याची जेवणाची पानं मी दोनदा पाहिली. टेबलभर झिंगे, मधोमध बर्फाचा मासा, आणि शेजारी पोट सुटलेला एक माणूस हसतोय. ते पान बंद करून मी हात धुतले. तिसरं बागेजवळ आहे, बुटकं आहे, दोन्ही टोकांना जिने आहेत. जोडखोली मिळते, म्हणजे तुम्ही चौघं एकत्र राहाल. न्हाणीघरात संगमरवरी टब आहे. टॉवेलांची घडी हंसासारखी घालतात. रोज सकाळी उशीवर ताजं फूल ठेवतात, असं छापलं आहे. तुझ्या प्रज्ञाला ते आवडेल.

माझं तिकीट काढू नका. इंग्रजी बोलायला कोणी हवं म्हणून पाचवी मी, हे भाऊजींनी सांगितलं. प्रज्ञा कॉन्व्हेंटात शिकते, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्यांनी आणखी एक काम सांगितलं. त्याबद्दल सवडीने लिहीन.

इथली गंमत म्हणजे, परवा मुलींचं नवं वसतिगृह पाहायला गेले होते, भाऊजींनी ठेक्यावर बांधलेलं. तिथे सोनीबाई स्वयंपाक करते. तिने मला हात धरून आत नेलं आणि वर बोट दाखवलं. "बाई, ह्या छतातून रोज पीठ पडून राह्यलं. सरकारनं राशन वाढवलं असन." मुली हसल्या. मी पण हसले असते.

बागेजवळचं हॉटेल घ्या. जिन्यामुळे.

तुझी
विशू


अहेरी
३ मार्च १९८७

कमलताई,
जयभीम. तुझं पत्र पोचलं. त्यात तू लिहिलंस की बुकिंगचे पैसे भरायची मुदत संपत आली आहे आणि भाऊजींचं शेवटचं बिल माझ्या सहीसाठी अडलं आहे. तेच ते दुसरं काम. काम नीट पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी सही करायची, बिल निघायचं, आणि त्यावर तुम्ही सगळ्यांनी मे महिन्यात विमानात बसायचं.

मागच्या पत्रात मी हॉटेलांच्या जिन्यांबद्दल लिहीत बसले. लिहायचं होतं ते छताबद्दल.

त्या वसतिगृहात खाटा नाहीत. मुली सतरंजीवर झोपतात आणि कपड्यांची पिशवी उशाला घेतात. त्या दिवशी प्रत्येक पिशवीवर बारीक पिवळी पूड होती. बुधरी नावाची चौथीतली मुलगी आहे, तिच्या भुवयांवरही होती. अधीक्षक म्हणाले, नवीन प्लास्टर आहे, झडतं थोडं. प्लास्टर पिवळं नसतं. मी चिमटीत घेऊन वास घेतला, आणि ताई, मी एकदम बल्लारपूरला, बाबांच्या बांबू डेपोत पोचले.

मागच्या आठवड्यात छन्नी-हातोडी घेऊन पुन्हा गेले. शिडीवर चढून भेगेपाशी ठोकलं. सिमेंटचा पापुद्रा निघाला. आत सळई असायला हवी तिथे बांबूची कामटी होती. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. कामटी नव्हतीच, नुसता तिचा आकार उरला होता, आत सगळी पूड आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. त्या माझ्या मनगटावर पडल्या. मी खाली उतरले. सोनीबाईने हातावर पाणी घातलं.

भाऊजींना फोन केला, तर ते स्वतःच आले. चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. समजूत घालत होते. "अवो बाई, पावसात नाला भरला का ट्रक येत नाई. सळई कुठून आनू? बांबू तं इथी उगवते. आनि पोरी का नाचून राह्यल्या छतावर?" मग लगेच, "ते बागेजवळचं घेतलं बरं का. तुमचंच आयकलं." खिशातून बडीशेप काढून माझ्यापुढे धरली.

त्यांचं एक वेळ समजू शकते. ते आपल्यात लग्न करून आले, डेपोत वाढले नाहीत. बाबा काय सांगायचे ते त्यांना माहीत नाही. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू टिकतो, चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. हा त्यांनी चांदण्यातला घातला, स्वस्त मिळाला म्हणून. अंधाऱ्यातला असता तरी त्याने सळईचं काम केलं नसतं, हे मी अभियंता म्हणून सांगते. पण त्यांना चोरीसुद्धा नीट जमली नाही.

तुला मात्र माहीत होतं. भाऊजी इथून परतल्यावर तू लिहिलेलं पत्र समोर आहे. "बांबू घालतात हे मले माहीत आहे, सारेच घालतात." आणि त्याखाली, "त्या पोरीइच्या घरी कुठी स्लॅब आहे?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. किळस आली. तुझी आली हे लिहायला हात धजत नव्हता, पण तुझीच आली.

त्यांच्या घरी स्लॅब नाही, खरं आहे. त्यांच्या घरी बांबू आहे, आणि तो त्यांच्या बापाने चंद्र पाहून तोडलेला आहे. त्या घराचं छप्पर त्यांच्या अंगावर पडणार नाही. ते घर सोडून त्या आपण बांधलेल्या पक्क्या घरात झोपायला आल्या. आपण म्हणते, कारण दिवाळीला तुझ्या घरी जे गोडधोड मी खाल्लं ते याच कामाचं होतं.

छत फोडलं त्याच संध्याकाळी मुलींना मी जुन्या शाळेच्या पत्र्याखाली हलवलं. अधीक्षक विचारत होते, कोणाच्या हुकमाने. माझ्या, म्हटलं. बुधरी पिशवी छातीशी धरून चालत होती. वर पाहून म्हणाली, "बाई, इथी पीठ नाई पडत?" वसतिगृहाला कुलूप लावलं. दाखल्यावर सही केली नाही. छतात काय सापडलं ते लिहून वर पाठवलं, फोटो जोडले. वरचे साहेब ते दाबतील किंवा माझी बदली पार टोकाला, सिरोंच्याला करतील. दाबलं तर पुन्हा पाठवीन. बिल निघणार नाही. भाऊजींचं लायसन्स जाईल, त्याहून जास्तही होऊ शकतं. त्यांचं नाव लिहिताना माझा हात थांबला होता. मग लिहिलं.

प्रज्ञाला काय सांगायचं ते तू ठरव. ती बुधरीच्याच वयाची आहे. मी असते तर खरं सांगितलं असतं, पण मला मूल नाही आणि तुझा संसार माझ्यामुळे मोडेल, हे मला कळतं. चंद्रपूरला तुझ्याकडे येऊ की नको ते तू लिहिशील तसं. नको म्हणालीस तर येणार नाही.

तिन्ही पुस्तिका परत पाठवते आहे. बागेजवळच्या हॉटेलाच्या पुस्तिकेत, फुलाच्या पानाशी, एक कागदाची पुडी ठेवली आहे. उघडताना पंखा बंद कर. आत काय आहे ते लिहीत नाही. शाळेतून येऊन आपण दोघी डेपोत बाबांच्या खुर्चीमागे खेळायचो, आणि संध्याकाळी आई आपल्या केसांतून हेच झटकायची.

बाबांची धाकटी,
विशाखा