अर्धी उरलेली पेज

रत्नागिरी, मार्गशीर्ष वद्य सप्तमी

कचेरीतून येताना हॉटेलात शिरलो आणि दोन बशा कांदाभजी खाल्ली. पोट उतरावं म्हणून वैद्यांनी संध्याकाळी नुसती पेज सांगितली आहे, हे ठाऊक असून. घरी अर्धीच पेज गेली. आमची ही खूश. म्हणाली, "बघा, भूक आटोक्यात आली हो तुमची." मी गप्प. मग रोजच्यासारखी माझ्याच ताटावर बसून तिनं ती अर्धी पेज संपवली. तिला कुठलं पथ्य? माझ्यासमोर भात कसा खायचा, म्हणून महिनाभर तीही पेजेवरच आहे. वाईट कशाचं वाटतंय? भज्यांचं, की गप्प राहिल्याचं? की भजी छान लागली याचं? काही कळत नाही. ताट उचलताना तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. माझा कोट अजून पोटावर तटतोच आहे.