जामसांवलीला पायी गेलेले अकरा शुगरवाले

सौंसर, रविवार

तीर्थरूप शकुंतलाताईस धाकट्या यमुनेचा वाकून नमस्कार. (आता वाकता येते, हेच सांगायले पत्र लिहून राहिली.) आम्ही सारे मजेत. भाऊजींचा खोकला थांबला असेल.

माझी शुगर दोनशे ऐंशी निघाली, तशी सूनबाई अश्विनीनं मले मोबाईलवरच्या एका गटात टाकलं. आम्ही अकरा शुगरवाले. रोज सकाळी सहाले नागपूरहून पूनम मॅडम व्हिडिओत येते आन् म्हणते, "चला, चालता चालता बोला." पहिल्याच दिवशी मी मोबाईल तोंडासमोर धरून संत्र्याच्या बागेत चालून राहिली होती. मॅडमनं विचारलं, "यमुनाताई, कसं वाटतंय?" मी "मस्त" म्हटलं आन् सरळ पाण्याच्या नालीत गेली. मोबाईल काठावर, मी चिखलात. मोबाईलच्या आतून गटातले रामाकोना गावचे देवीदास गुरुजी ओरडले, "आभाळ दिसून राहिलं, बाई दिसत नाहीत!" (पन्नास पावलं झाली होती. मॅडमनं साठ लिहिली, पडायची दहा धरून.)

लाजेनं मी तीन दिवस फोनच उचलला नाही. चौथ्या दिवशी दहाही जणांनी एकामागून एक फोन लावले. घरच्या ह्यांनी पंचेचाळीस वर्षांत इतकी विचारपूस केली नाही वो! मग गेली. अशी दोन महिने रोज चालली.

काल सारे मिळून सौंसरहून जामसांवलीच्या मारुतीले पायी गेलो. चौकात भेटलो, तर कोणी कोणाले ओळखेना. मोबाईल खाली धरून चालल्यानं रोज नुसत्या नाकपुड्या दिसत. शेवटी गुरुजींनी मान वर केली, तेव्हा मी ओळखलं. मग साऱ्यांनीच माना वर करून आपापली नावं सांगितली. (रस्त्यावरचे लोकही वर पाहू लागले.)

दर्शन झालं. गटातल्या रजनीनं पेढे काढले, आन् नेमका मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. रजनीनं मोबाईल देवाकडे फिरवला, "घ्या मॅडम, दर्शन!" आन् मागं आम्ही पेढे तोंडात टाकले. मॅडम म्हणाली, "देव दिसले. पण हे कोण चावून राहिलं?"

तरी दोन महिन्यांत शुगर एकशे साठवर आली.

तुझी,
यमुना

ता. क. : तुझ्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरली नाही, हे भाऊजींनी सांगितलं. मले तू "चप्पल लागली" म्हटलं होतं. ताई, मले भेव लागून राहिला. उद्याच डॉक्टरले दाखव, शुगर तपास. तुझा नंबर मी गटात टाकला. पाय बरा होईपर्यंत मॅडम खुर्चीवर बसून करायचा व्यायाम शिकवणार आहे.

आणखी एक : गटात मी माझ्या वयातली दहा वर्षं कमी करून बावन्न लिहिलं. तू मोठी, म्हणून तुझं त्रेपन्न लावलं. कोणी विचारलं तर हसायचं नाही.