शब्द माहा, मत पल्लवीचं

रविवार, ६ ऑक्टो.
पल्लवीचा फोन. पेनसिल्व्हेनियात थंडी सुरू झाली म्हणे, अन् आमची लेक घरोघरी पत्रकं वाटत हिंडून राहिली. कोणासाठी? तिसऱ्या उमेदवारासाठी. तिथं दोनच पक्ष खरे, बाकीचे हजेरी लावाले उभे राहतात. तिले नागरिकत्व मिळून वर्ष नाही झालं, जन्मातलं तिथलं पहिलं मत, अन् ते अशाले देणार की जो निवडून येईन अशी त्याच्या बायकोलेही आशा नसन.
मी म्हटलं, मत वाया चाललं. तं म्हणते, "बाबा, दोघंही सारखेच. एक दवाखान्याचं बिल हसून हाती देते, दुसरा रागानं."
सौ. मागून म्हणे, "हे तुमचंच बोलनं हाय." आहेच. आजवर दर निवडणुकीत मी अपक्षाले मत देलं, एकाचंही डिपॉझिट वाचलं नाही. म्हणूनच तं सांगून राहिलो तिले.

शनिवार, १२ ऑक्टो. दसरा. अकोला.
इवायाकडे सोनं द्याले गेलो. वसंतराव, म्हणजे पल्लवीचे सासरे, चहा यायच्या आंदीच अमेरिका घेऊन बसले. त्यांच्या धाकट्या पोराचा व्हिसा तिकडं लटकला आहे. एक पक्ष आला तर पोरगा राहते, दुसरा आला तर सामान बांधून परत, असं त्यांचं म्हणणं. निखिलराव, आपले जावई, बरोबर मत देऊन राहिले. सूनच तेवढी वाकड्यात. अन् त्याच राज्यात काट्याची टक्कर.
आपट्याची पानं माह्या हातात ठेवली, गळ्यात पडले, अन् सोडतच नाहीत. "इवाई, पोरगी तुमची हाय. आमच्यावाल्यालेच मत देईन, असा शब्द द्या मले."
हातात सोनं, बाजूले त्यांचे सारे सोयरे उभे. नाही कसं म्हणता? देला शब्द.
परतीच्या गाडीत बडनेरा आलं तशी सौ. म्हणे, "मत तिचं, शब्द तुमचा. हे कसं काय?" मी म्हटलं, झोप आता.

सोमवार, १४ ऑक्टो.
मी पल्लवीले आरामात, तिचा मूड पाहून सांगणार होतो. वसंतरावांनी दसऱ्यालेच निखिलरावांले फोन करून सांगून टाकलं. आनंद मावत नव्हता ना. आज तिचा फोन.
"बाबा, माहं मत तुमी आपट्याच्या पानासंगं वाटून आले?"
म्हटलं, ऐक तं.
"मले इचारलं होतं का?"
म्हटलं, दसऱ्याच्या दिवशी इवायाले नाही म्हणता येते का, तूच सांग.
"तुमाले नाई म्हनता येत नाई, म्हनून मी हो म्हनू?"
तिनं फोन ठेवून देला. बोलायची रीत नाही राहिली पोरीले. रीत माहीही नव्हती, पण...

रविवार, २० ऑक्टो.
रविवार असून फोन नाही. निखिलरावांले लावला. तिथं मतपत्रिका पोस्टानं घरी येते, अन् तिची जेवणाच्या टेबलावर कोरी पडून आहे. "बाबा, मले मधात नका घेऊ." शहाणा आहे जावई.
वसंतरावांचा मेसेज रोज सकाळी, गुलाबाच्या फुलासंगं: झालं का काम? वैताग आला. इथं आपल्याच निवडणुकीचे भोंगे डोकं उठवून राहिले, गल्लीत दिवसातून चार गाड्या, अन् मी पेनसिल्व्हेनियाची काळजी करत बसलो.

शुक्रवार, १ नोव्हें. लक्ष्मीपूजन.
फोन आला. आईसोबत चकल्या, रांगोळी, सगळं बोलून झालं. मंग म्हणे बाबाले दे.
"टाकलं पाकीट. तुमच्या इवायाच्याच मानसाले देलं. तुमचा शब्द राह्यला. आता निवडनुकीचं माह्याजवळ काही बोलू नका."
मी म्हटलं, बरं झालं. हेच निघालं तोंडातून, बरं झालं.
वसंतरावांले कळवलं. त्यांनी हात जोडलेली सहा चित्रं पाठवली. हातातला अनारसा परत ताटात ठेवला.
मास्तरकीत किती निवडणुकांची ड्युटी केली. एकदा नांदगाव खंडेश्वरकडच्या केंद्रावर एक म्हातारा सुनेच्या मागं पुठ्ठ्याआड शिरला, तिच्या जागी बटन दाबाले. मी त्याले दंडाले धरून बाहेर काढलं, साऱ्या रांगेदेखत झापलं. तो आपला म्हणत होता, "मास्तर, घरचीच हाय ना." मी त्याच्यापेक्षा काय वेगळं केलं? त्याले निदान कोणीतरी दंडाले धरलं.

बुधवार, ६ नोव्हें.
सकाळपासून टीव्हीसमोर. वसंतरावांचा माणूस पडला. पल्लवीच्या राज्यातही पडला.
दुपारी त्यांचा फोन, आवाज बसलेला. धाकट्याची काळजी आहे, समजते मले. पण मंग म्हणतात, "इवाई, सूनबाईनं खरंच देलं होतं ना? का बनवलं तुमाले?"
डोकंच फिरलं. म्हटलं, पोरीनं मन मारून मत देलं तुमच्यापायी, अन् तुमी तिच्यावरच शक घेता? पुढं काय बोललो ते लिहीत नाही. बिघडले संबंध तर बिघडले. सौ. म्हणे, "हेच दसऱ्याले बोलले असते तं?"

रविवार, १० नोव्हें.
पल्लवी सौ.सोबत बोलून राहिली होती. मी तोंडापुढं पेपर धरून ऐकत होतो. तिच्या उमेदवाराले अगदीच थोडी मतं पडली. म्हणे, "आई, एका बाईच्या दारावर मी तीनदा गेली होती. ते ऐकतच नव्हती. तिनं देलं म्हने त्यालेच. मले मेसेज केला, तुझ्यामुळं देलं म्हनून. मी तिले आता काय सांगू?"
सौ.नं फोन माह्याकडं केला. तिकडून बंद झाला.
पाच मिनिटं तरी तीच ओळ वाचत होतो पेपरातली.

बुधवार, २० नोव्हें.
आज आपलं मतदान. दरवेळी सकाळी सातले रांगेत पहिला मी असतो. आज सौ. एकटीच जाऊन आली. माहं मन होईना.
दुपारी पल्लवीले लिहिलं: "चुकलो बेटा. तुले न विचारता तुहं मत देऊन बसलो. ते काही परत येत नाही. यंदा माहं मत तू सांगशील त्याले."
सौ.नं वाचलं. "अजून अक्कल नाई आली. तिचं मत लोकाले देलं, आता आपलं तिच्या गळ्यात घालून राहिले." असनही तसं. पण मले दुसरं काय सुचते?
पाच वाजता उत्तर आलं. "उभे कोन कोन हाय?" एवढंच. ना बाबा, ना काही.
वीसच्या वर माणसं उभी आहेत. चष्मा लावून सगळ्यांची नावं टाइप केली. पक्षवाले, अपक्ष, कोण कसा, कोणाचं काय काम, एकेक ओळ. कोणाची शिफारस केली नाही. पाच चाळीसले पाठवलं. लगेच वाचलं तिनं.
हे लिहून राहिलो, कारण हाताले दुसरं काम नाही. मतदानाची शाळा सात मिनिटांवर आहे. सौ. दारात उभी, "उठा, सहाले बंद होते."
पायात चपला आहेत. पल्लवी काहीतरी टाइप करून राहिली. थांबते. परत करून राहिली.